धम्मदेसना : भांड्यावरची राखण

आजच्या देसनेचा विषय घरातल्या कुत्र्यांचा आहे. धम्माच्या पानावर कुत्र्यांचे काय काम, असे कुणाला वाटेल. त्यांनी राजगृहातले १९३४ सालचे ते छायाचित्र आठवावे. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आहेत आणि त्यांच्यासोबत टॉबी नावाचा कुत्राही आहे. बाबासाहेबांच्या कुटुंबाच्या छायाचित्रात ज्याला जागा मिळाली, त्याला आपल्या पानावर जागा द्यायला हरकत नसावी.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ब्रिटनमधल्या आपल्या काही घरांत आता एकाऐवजी दोन-दोन, तीन-तीन कुत्रे आहेत. पहिला पिल्लू असताना आणलेला. दुसरा त्याला सोबत म्हणून, बहुधा रेस्क्यू सेंटरमधून आणलेला. पहिले काही दिवस बरे जातात. मग एका संध्याकाळी एक जण भांड्यात तोंड घालून खात असतो, दुसरा सहज जवळून जातो, आणि क्षणात गुरगुर, झडप, रक्त. पुढे भांड्यापुरते असलेले भांडण हाडापर्यंत जाते, मग सोफ्यापर्यंत, मग घरच्या माणसाच्या मांडीपर्यंत. मुलगा म्हणतो, नव्याला परत पाठवायचे नाही. आजी म्हणते, घरात रांगते बाळ आहे, मला भीती वाटते. वडील चढ्या आवाजात ओरडतात. कुत्र्यांचे भांडण माणसांत येते. या वागण्याला इथे रिसोर्स गार्डिंग म्हणतात. आपल्या भाषेत सरळ शब्द आहे, राखण.

तथागतांनी सांगितलेली साखळी

हा शब्द ऐकला की महानिदान सुत्त आठवते. कुरू देशात, कम्मासधम्म नगरात, भगवान बुद्धांनी आनंदाला हे सुत्त सांगितले. त्यात त्यांनी भांडणाची वंशावळ मांडली आहे. तृष्णेतून शोध निर्माण होतो, शोधातून लाभ. लाभ झाला की त्याचा हिशेब सुरू होतो, हिशेबातून ओढ, ओढीतून चिकटून बसणे, त्यातून ताबा. ताब्यातून मच्छरिय, म्हणजे दुसऱ्याला वाटा मिळू नये ही भावना. आणि मच्छरियातून आरक्ख, म्हणजे राखण. ही राखण सुरू झाली की काठी उचलली जाते, शस्त्र उचलले जाते, तू-तू मी-मी होते, चहाडी आणि खोटेपणा येतो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तृष्णा का सोडायची हे सांगताना याच सुत्ताचा आधार घेतला आहे. वर्षावासात आपण तो भाग वाचतो आणि पुढे जातो. आता तो घरातल्या दोन भांड्यांसमोर बसून पुन्हा वाचावा.

या सुत्ताची पद्धत लक्षात घ्या. तथागत आनंदाला विचारतात की राखण मुळीच नसती, तर काठ्या उचलल्या गेल्या असत्या का? आनंद म्हणतो, नाही. मग ते एक कडी मागे जातात, पुन्हा तोच प्रश्न विचारतात. शेवटच्या कडीवर घाव घालत बसायचे नाही, तिच्या आधीची कडी शोधायची. घरातल्या कुत्र्याची गुरगुर ही शेवटची कडी आहे. आपण तिच्यावर ओरडतो आणि तिच्या मागे काय आहे ते पाहत नाही.

मागे काय असते? माझे जाईल ही भीती. इथे एक फरक करायला हवा. माणसाच्या मच्छरियात जाणीव असते, म्हणून त्याला अकुशल म्हणतात. कुत्रा कंजूष नसतो. खाणे राखणे हे त्याच्या जातीच्या प्राण्यांना जगण्यासाठी उपयोगी पडलेले वागणे आहे. ज्याला पूर्वी पोटभर मिळाले नाही, ज्याच्या तोंडातून वारंवार हिसकावले गेले, ज्याला कुठे दुखते आहे, त्याची भीती अधिक असू शकते. पण भरल्या घरात वाढलेला कुत्राही राखण करतो. म्हणून त्याला दुष्ट ठरवू नका. तो घाबरलेला आहे.

जन्मावरून दोष देऊ नका

भांडण झाले की घरात पहिला प्रश्न येतो, यांतला वाईट कोण? आणि उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. वंशावळीच्या कागदांसह आणलेला चांगला, रस्त्यावरून उचललेला वाईट.

कुक्कुर जातकात हीच गोष्ट आहे. राजाच्या रथाचे चामड्याचे पट्टे रात्री कुणीतरी कुरतडले. राजाने नगरातले सगळे कुत्रे मारण्याचा हुकूम दिला, फक्त राजवाड्यातले उंची जातीचे कुत्रे सोडून. बोधिसत्त्व त्या जन्मी भटक्या कुत्र्यांचा प्रमुख होता. तो राजसभेत गेला आणि म्हणाला, चौकशी करा. राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात गवत घालून पाजले, तेव्हा त्यांच्या पोटातून चामडे बाहेर पडले. जातककथा इतिहास म्हणून वाचायची नसते. पण न्याय जन्मावर नव्हे, वागण्यावर करायचा, हे यापेक्षा सोप्या रीतीने मुलांना सांगता येणार नाही.

या देशातला कायदाही माहीत असू द्या. १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक्सएल बुली हा कुत्रा सूट-प्रमाणपत्राशिवाय बाळगणे गुन्हा आहे. कायदा पाळायचाच आहे. पण राखण कोणत्याही जातीच्या कुत्र्यात दिसू शकते. आमचा लॅब्रेडॉर आहे, तो असे करणारच नाही, या भरवशावर बाळाला त्याच्या भांड्याजवळ सोडू नका. २०१४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कुत्रा अनावर होऊन धोका निर्माण झाला, तर तो प्रकार तुमच्या स्वतःच्या घरात घडला तरी मालक गुन्हेगार ठरू शकतो.

'मी मालक' दाखवण्याचा मार्ग

काही जण सल्ला देतात की कुत्र्याला त्याची पायरी दाखवा. त्याच्या आधी तुम्ही जेवा, खाताना भांडे काढून घ्या, गुरगुरला तर पाठीवर आडवा पाडा, घरात अल्फा कोण ते त्याला कळू द्या.

आपण हा सल्ला ऐकताना दचकले पाहिजे. प्रत्येकाची एक पायरी असते, वरच्याने खालच्याला सतत त्याची आठवण द्यायची असते, नाहीतर व्यवस्था मोडते, हे तत्त्वज्ञान आपण पूर्वी कुठे ऐकले आहे? पायऱ्यापायऱ्यांच्या विषमतेचे शास्त्र बाबासाहेबांनी उलगडून दाखवले. ते माणसांत खोटे होते. कुत्र्यांतही ते टिकलेले नाही. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे अल्फाची कल्पना लोकप्रिय झाली. त्यांनीच १९९९ मध्ये लिहिले की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-वडील आणि त्यांची पिल्ले असतात, तिथे सत्तेसाठी रोजची लढाई नसते. चुकीचे ठरलेले मत स्वतःच दुरुस्त करणारा अभ्यासक कालाम सुत्ताच्या वाटेवरच चालत असतो, त्याला ते नाव माहीत असो वा नसो.

व्यवहारही तेच सांगतो. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये कुत्रे पाळणाऱ्यांची एक पाहणी प्रसिद्ध केली. जेवताना भांडे काढून घेण्याच्या सवयीशी अधिक तीव्र राखण जोडलेली दिसली. जेवताना भांड्यात चवीचे काही टाकण्याच्या सवयीशी कमी राखण जोडलेली दिसली. अशा पाहणीवरून कारण पक्के ठरत नाही, पण दिशा कळते. आपण हिसकावतो तेव्हा कुत्र्याची शंका खरी ठरवतो. तो मनात म्हणत असावा, बघा, मी म्हणत होतो ना!

आणि गुरगुरीला शिक्षा करू नका. आधी अंग ताठ होते. खाण्याचा वेग वाढतो किंवा खाणे थांबून डोके भांड्यावरच राहते. डोळे तिरके होऊन पांढरा भाग दिसतो. ओठ वर जातात. मग गुरगुर, मग हवेत दात, आणि चावा सगळ्यात शेवटी. गुरगुरणारा कुत्रा चावण्याआधी थांबून सांगतो आहे. मारून गुरगुर बंद केली तर भीती जात नाही, फक्त सूचना जाते. मग लोक म्हणतात, काही न सांगता चावला.

शील आधी, शिकवण नंतर

धम्मात आपण शीलापासून सुरुवात करतो. मन शुद्ध होईपर्यंत वाट न पाहता आधी हात आवरतो. घरातही तेच करा. कुत्र्याची भीती घालवायला महिने लागतील, पण भांडणाची संधी आजच बंद करता येते.

प्रत्येकाला वेगळ्या खोलीत, दार लावून किंवा बेबी गेटच्या पलीकडे खायला द्या. दोघांचे संपले की आधी भांडी उचला, मगच दार उघडा. हाड, चघळायच्या वस्तू, आवडती खेळणी एकत्र असताना जमिनीवर ठेवू नका. पाण्याची भांडी आणि झोपायच्या जागा एकाहून जास्त ठेवा, एकमेकांपासून दूर. सोफ्यावरून भांडण होत असेल तर काही काळ सोफा कुणालाच नाही. दारातून आत येताना, पाहुणे आल्यावर, तुम्ही स्वयंपाक करत असताना गर्दी होते, तेव्हा लक्ष असू द्या. लहान मुलाला खाणाऱ्या कुत्र्याजवळ एक मिनिटही एकटे सोडू नका. भांडण पेटलेच तर हात मध्ये घालू नका. मोठा आवाज, जाड चादर, एखादी फळी, दार, जे मिळेल त्याने दोघांना वेगळे करा.

इथे कुणाच्या मनात कळ उठेल. वेगळे भांडे, वेगळी जागा, हे शब्द आपल्याला टोचतात, आणि टोचलेच पाहिजेत. आपल्या आजी-आजोबांना वेगळ्या कपात, वरून ओतलेला चहा मिळाला आहे. म्हणून फरक नीट समजून घ्या. ते वेगळेपण अपमानासाठी होते, एकाला कमी देण्यासाठी होते, आणि ते कायमचे होते. इथे दोघांनाही पूर्ण वाटा, तेवढेच चांगले अन्न, तेवढीच माया मिळते आणि निर्धास्तपणे खाता येते. मैत्री म्हणजे एका ताटात तोंड घालायला लावणे नव्हे. इथला २००६ सालचा प्राणी कल्याण कायदा प्राण्याच्या ज्या गरजा मोजतो, त्यांत इतर प्राण्यांसोबत राहण्याची गरज आहे आणि त्यांच्यापासून वेगळे राहण्याचीही आहे.

हात आवरल्यावर शिकवण. ती दानाने होते. कुत्रा खात असताना दुरून जा, अंग ताठ होणार नाही इतक्या अंतरावरून. कोंबडीचा एक तुकडा त्याच्या दिशेने टाका आणि निघून जा. रोज हेच. काही दिवसांनी तुमची पावले ऐकून तो मान वर करून वाट पाहील. पूर्वी येणारे पाऊल म्हणजे तोटा होता, आता ते लाभ झाले. तोंडातली वस्तू हवी असेल तर हिसकावू नका, तिच्याहून चांगली वस्तू देऊन अदलाबदल करा, आणि शक्य तेव्हा पहिली वस्तूही परत द्या. दोन कुत्र्यांमध्येही तत्त्व तेच. गेटच्या पलीकडे दुसरा दिसला की पहिल्याला काही चांगले मिळते, तो गेला की ते थांबते. पण ही पायरी जाणकारासोबतच चढा.

जाणकार कसा निवडायचा? आधी व्हेटकडे जा, कारण दात, सांधे, पोट दुखणारा कुत्रा वाटा द्यायला तयार नसतो. मग व्हेटच्या शिफारशीने वर्तनतज्ज्ञ घ्या. या देशात कुणीही स्वतःला डॉग बिहेवियरिस्ट म्हणवू शकतो, म्हणून अॅनिमल बिहेवियर अँड ट्रेनिंग काउन्सिलच्या यादीत नाव आहे का ते पाहा. डॉग्ज ट्रस्ट ही १८९१ पासूनची संस्था फोनवर सल्ला देते. विजेचा झटका देणारा पट्टा कुणी सुचवला तर त्याला दारातूनच नमस्कार करा. वेल्समध्ये तो २०१० पासून बंद आहे, आणि आपल्या पहिल्या शीलात त्याला कुठेच जागा नाही.

एवढे करूनही कधी कधी दोन कुत्रे एका घरात सुखाने राहू शकत नाहीत. मग एकाला चांगले, शांत घर शोधून देणे हा त्याच्याशी केलेला दगा ठरत नाही. त्याचे सुख पाहणे म्हणजे मैत्री. तो आपल्याजवळच राहावा हा हट्ट पुन्हा ताबाच आहे.

आपल्याकडे म्हण आहे, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. शेपटाचे खरे असेल. वागणे कारणांनी घडते आणि कारणे बदलली की बदलते. हाच तर पटिच्चसमुप्पाद आहे.

माणसाची राखण

आता भांड्यावरून नजर उचलू या.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्याकडे चालत गेले. त्या तळ्यावर कुत्र्यामांजरांना मज्जाव नव्हता. माणसाला होता. नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे सर्वांना खुले ठरवले होते, तरी राखण सुटली नव्हती. पाणी प्यायल्यानंतर काठ्या निघाल्या, डोकी फुटली आणि मग तळ्याची शुद्धी करण्यात आली. कोर्टात निकाल लागायला १९३७ साल उजाडले. महानिदान सुत्तातली साखळी शब्दशः रस्त्यावर उतरली होती.

कुत्र्याच्या राखणीशी याची बरोबरी करू नका. कुत्रा समोरचे हाड राखतो, पोट भरले आणि भीती गेली की सोडतो. त्याने राखणीचा ग्रंथ लिहिलेला नाही. माणसाने कुणी प्यायल्याने न संपणारे पाणी राखले, स्वतःचे नसलेले राखले, आणि त्याला धर्म म्हटले. म्हणून कुत्र्याला करुणा आणि धीर पुरतो. माणसाच्या त्या राखणीला सत्याग्रह आणि कायदा लागतो. तृष्णा सोडा या शिकवणुकीचा अर्थ आपला हक्क सोडा असा होत नाही. तथागतांनी गरिबीला धन्य म्हटले नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले आहे. दीघजाणूला उपदेश करताना भगवंतांनी कष्टाने, न्यायाने मिळवलेले सांभाळणे ही संपदाच सांगितली. तिचे नावही आरक्ख-संपदा.

मग चांगली राखण कोणती, वाईट कोणती? दोन प्रश्न विचारा. मी राखतो आहे ते माझ्या कष्टाचे आहे की सर्वांचे? आणि दुसरा जवळ आल्याने माझे खरोखर कमी होते का?

हे प्रश्न महाडच्या लोकांनाच विचारून थांबू नका. तथागतांनी पाच मच्छरिय सांगितली आहेत. आवासाचे, म्हणजे जागेचे. कुलाचे, म्हणजे आपल्याला मानणाऱ्या कुटुंबांचे. लाभाचे. वर्णाचे, म्हणजे कौतुकाचे. आणि धम्माचे. आता आपल्या परदेशातल्या संस्थांकडे पाहा. हॉलची किल्ली कुणाकडे, याची राखण. ही कुटुंबे आमच्या मंडळाची, त्यांनी तुमच्या कार्यक्रमाला का जायचे, याची राखण. १४ एप्रिलला मंचावर कोण बसणार आणि पत्रकावर कुणाचे नाव आधी, याची राखण. आमच्या जिल्ह्याचे, आमच्या पोटजातीचे, याची राखण, तीही पंचशील घेतलेल्या तोंडाने. आणि सगळ्यात नकळत होणारी धम्माची राखण. मला जास्त येते, नव्याने आलेल्या विद्यार्थ्याने काय सांगायचे, इंग्रजीत वाढलेल्या मुलीने काय विचारायचे.

सूचना इथेही मिळतात. कुणी नवा माणूस दारातून आत आला आणि आपले अंग ताठ झाले, डोळे तिरके झाले, तर ती आपली गुरगुर आहे. तिला दाबू नका, ओळखा, आणि विचारा की माझे काय जाणार आहे असे मला वाटले?

उपायही तोच. कुणाचे हिसकावून घेऊन त्याचे मच्छरिय जात नाही. जवळ येणाऱ्या पावलांनी काही आणले पाहिजे. मतभेद असलेल्या मंडळाच्या कार्यक्रमाला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, मदत घेऊन जा. नव्या माणसाला खुर्ची दाखवण्याऐवजी काम द्या, माइक द्या.

येत्या पंधरवड्यासाठी एवढेच घ्या. ज्यांच्या घरी एकाहून जास्त कुत्रे आहेत, त्यांनी आजपासून भांडी वेगळ्या दाराआड ठेवावीत आणि मुलांना गुरगुर ओळखायला शिकवावे. ज्यांच्या घरी नाहीत, त्यांनी स्वतःच्या पाच राखणींपैकी एक शोधावी आणि ती वस्तू स्वतःहून दुसऱ्याच्या हाती द्यावी. रात्री मैत्री भावना करताना दाराच्या दोन्ही बाजूंना झोपलेल्या त्या दोन जिवांचाही विचार करा. दोघांनाही निर्धास्त झोप लागो, आणि आपल्यालाही.

सर्व प्राणी निर्भय होवोत.

नमो बुद्धाय! जय भीम!